पावणेआठ तासांचा लेओव्हर, शहरासाठी पावणेदोन तास: सिंगापूरमधल्या एका संध्याकाळचं प्रकरण

आईला घेऊन मेलबर्नला चालले होते आणि मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं होतं. तिकिटावर वेळा अशा होत्या: दुपारी 3:40 ला उतरायचं, रात्री 11:25 ला पुढचं विमान. म्हणजे 7 तास 45 मिनिटं. आई 68 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, चालते पण हळू, आणि जिना दिसला की आधी तोंडाकडे बघते. पहिल्यांदाच देशाबाहेर. एवढा वेळ एअरपोर्टच्या खुर्चीत बसून काढायचा की बाहेर पडायचं, आणि बाहेर पडायचं तर कुठे, हा सगळा प्रश्न. हे सविस्तर लिहितेय कारण त्या संध्याकाळी जे जमलं ते का जमलं आणि जे निसटलं ते कुठे निसटलं हे मी नंतर वेळेसकट लिहून काढलं होतं, आणि आईवडिलांना घेऊन असा प्रवास करणाऱ्या कुणाला ते कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

माझी पहिली यादी सांगते, म्हणजे चूक कुठे होती ते कळेल. मर्लायन (सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला पुतळा), मरिना बे ची चक्कर, गार्डन्स बाय द बे, चायनाटाउन, आणि परत येऊन एअरपोर्टजवळचा ज्युएल मॉल. पाच ठिकाणं. पावणेआठ तास म्हटलं की अख्खा दिवस हातात आल्यासारखं वाटतं ना, प्रत्येक ठिकाणी तासभर धरला तरी वेळ उरतोय असं मला खरंच वाटत होतं. यादी मोठ्या उत्साहाने आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "अगं एवढं कशाला, एकच काहीतरी दाखव, पण नीट बसून बघू दे." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पण निघायच्या दोन दिवस आधी रात्री कागद घेऊन उलटा हिशोब मांडला आणि लक्षात आलं की आईच बरोबर होती.

उलटा हिशोब म्हणजे सुटणाऱ्या विमानापासून मागे मागे यायचं. विमान 11:25 चं. उड्डाणाच्या आधी गेट बंद होतं, आणि चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या एअरपोर्टवर, टर्मिनल 1, 2, 3 मध्ये सिक्युरिटी चेक एकाच जागी होत नाही, तो प्रत्येक गेटपाशी होतो, म्हणजे गेटवर पोचलं की लगेच विमानात असं नसतं, तिथे परत रांग, बॅग स्कॅन, पाण्याची बाटली रिकामी करा वगैरे सगळं आलं. म्हणून गेटवर 10:40 ला असायला हवं. आईच्या चालीने गेटपर्यंत अर्धा तास, म्हणजे इमिग्रेशन 10:10 ला पार झालेलं हवं. त्याच्या आधी एअरपोर्टवर सांभाळायला ठेवलेली छोटी बॅग सोडवायची, टॉयलेट, थोडी शोधाशोध, म्हणून एअरपोर्टवर 9:40. शहरातून मेट्रोने यायला 50 मिनिटं, म्हणजे 8:50. त्यात 20 मिनिटं राखीव धरली, कारण आई सोबत आणि शहर अनोळखी. झाले 8:30. ही वेळ कागदावर लाल पेनाने गोल करून ठेवली, काहीही झालं तरी साडेआठला शहरातून पाय काढायचा.

आता पुढून. 3:40 ला चाकं टेकली तरी दार उघडून बाहेर यायला 15-20 मिनिटं, इमिग्रेशनपर्यंत चालणं आणि रांग मिळून तास धरला, बॅग ठेवायला पाव तास, मेट्रोने 50 मिनिटं. म्हणजे सगळं वेळेवर झालं तर सहा-सव्वासहाला शहरात. सहा ते साडेआठ, अडीच तास. आणि विमान उशिरा आलं तर त्यातूनच वजा. 465 मिनिटांच्या लेओव्हरमधून शहरासाठी जेमतेम 150 मिनिटं, तीसुद्धा सगळं सुरळीत झालं तर. अडीच तासात गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाच ठिकाणं दाखवणं म्हणजे तिला फक्त एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात पळवणं.

मग एकच ठिकाण निवडायचं ठरलं. कुठलं? इथे मला एका गोष्टीची मोठी मदत झाली, ती म्हणजे सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर वर. त्यामुळे तिथे वर्षभर सूर्य संध्याकाळी सातच्या आसपासच मावळतो, आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळ्याचा मोठा फरक पडत नाही, आणि मावळला की अंधारही पटकन पडतो. गार्डन्स बाय द बे मधल्या सुपरट्रींचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, लाइट आणि म्युझिकचा शो रोज रात्री 7:45 आणि 8:45 ला असतो, फुकट असतो, आणि उघड्यावर असतो. 7:45 चा शो आमच्या वेळेत अगदी फिट्ट बसत होता, 8:45 चा अजिबात नाही. शिवाय तो बसून बघायचा कार्यक्रम. पायी फिरायचा नाही. मर्लायनही जवळच आहे म्हणून मी तो कंसात ठेवला, वेळ उरला तर. ज्युएल परतीच्या वाटेवर, तेही उरला तरच. चायनाटाउन काढून टाकलं.

कागदपत्रांचं थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेर पडता येणार की नाही हे सगळ्यात आधी तिथेच ठरतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना सिंगापूरला एरवी व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाताना किंवा तिथून परत येताना 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय आहे, अट अशी की ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका देशाचा चालू व्हिसा हवा, त्याची मुदत निदान महिनाभर शिल्लक हवी, आणि 96 तासांच्या आत बाहेर पडायचं कन्फर्म तिकीट हवं. इतकं असूनही आत सोडायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे हक्काने सांगायची ही गोष्ट नाही. आणि नियम बदलत असतात तेव्हा निघायच्या आठवड्यात त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर परत बघायचं, मी बघितलं होतं.

आमच्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा होता, पण त्यात एक मेख आहे. ऑस्ट्रेलिया पासपोर्टवर स्टिकर लावत नाही, व्हिसा सगळा इलेक्ट्रॉनिक. म्हणजे अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला तर त्यात काहीच दिसणार नाही. म्हणून दोघींची व्हिसा मंजुरीची पत्रं प्रिंट काढून, त्यावर व्हिसाची मुदत हायलायटरने पिवळी करून, पुढच्या बोर्डिंग पासला क्लिप लावून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट चाळले, वर बघितलं, मी काही न बोलता फोल्डर पुढे केलं, त्यांनी पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं, तारीख वाचली आणि झालं. दीड मिनिट. फोनमध्ये मेल शोधत बसले असते तर मागच्या रांगेचा आणि माझा दोघांचा जीव वर आला असता.

शिवाय एसजी अरायव्हल कार्ड. इमिग्रेशन पार करून बाहेर पडणार असाल तर हे भरावंच लागतं, उतरायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, ऑनलाइन. फुकट आहे. सर्च केलं की पैसे घेऊन भरून देणाऱ्या भलत्याच साइट वर येतात, तिकडे जाऊ नका. बाहेर पडायचंच नसेल, आतच थांबून पुढचं विमान पकडणार असाल, तर लागत नाही.

बॅगांचं एक वाक्यात: दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर होत्या म्हणून मोठ्या बॅगा थेट मेलबर्नला टॅग झाल्या, तरी चेक-इनला टॅगवरची शेवटची तीन अक्षरं एमईएल आहेत ना हे स्वतः वाचलं आणि पुढचा बोर्डिंग पासही तिथेच मागून घेतला. तिकिटं वेगवेगळी असती तर बॅग सोडवा, परत चेक-इन करा, त्यात दीड-दोन तास गेले असते आणि हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ.

पहिलं विमान 35 मिनिटं उशिरा सुटलं आणि तेवढंच उशिरा पोचलं. 4:15 ला चाकं टेकली, साडेचारला आम्ही विमानाबाहेर. आईसाठी मी मुद्दाम पुढच्या रांगेतल्या सीट घेतल्या होत्या, त्याचा फायदा असा की इमिग्रेशनला आमच्या विमानातले लोक आमच्या मागे होते, पण आमच्या आधी उतरलेल्या दोन विमानांची गर्दी पुढे होतीच. मधे टॉयलेट, सरकते पट्टे, आईचं कार्पेट बघून "किती स्वच्छ गं" म्हणत थांबणं. 5:20 ला बाहेर. मग छोटी ट्रॉली बॅग लेफ्ट लगेजला ठेवली, पावती घेतली, ते 5:35. इथपर्यंत सगळं हिशोबात होतं, उशिराची 35 मिनिटं वजा जाता.

चांगीचं मेट्रो स्टेशन टर्मिनल 2 आणि 3 च्या मधे खाली आहे. तिकीट काढायची भानगड नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं, पण प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघींना जाता येत नाही. हे मला आधी माहीत होतं म्हणून आईचं डेबिट कार्ड बरोबर घेतलं होतं, आणि दोन्ही कार्डांवर बँकेच्या ॲपमधून इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस असे दोन्ही पर्याय घरूनच चालू केले होते. तरी आईने कार्ड टेकवून लगेच उचललं, गेट उघडेना, मागे लोक, ती गोंधळली. तिला सांगितलं, कार्ड टेकव आणि दोन आकडे मोज. एक, दोन, गेट उघडलं, तिला केवढा आनंद झाला. पुढच्या प्रत्येक गेटवर ती मोठ्याने एक, दोन म्हणत होती.

एअरपोर्टहून पुढचंच स्टेशन एक्स्पो. तिथे उतरून डाउनटाउन लाइन पकडली की बेफ्रंटपर्यंत एकच गाडी, मधे बरीच स्टेशनं लागतात पण परत बदलायची कटकट नाही. कमी स्टेशनांचे दुसरे मार्गही आहेत, मी ते मुद्दाम नाकारले, कारण आईच्या दृष्टीने गाडीत पाऊण तास बसणं सोपं आणि एकदा जास्त गाडी बदलणं अवघड. एक्स्पोला एक लाइन वर पुलावर आणि दुसरी जमिनीखाली आहे, त्यामुळे बदलताना बरंच खाली उतरावं लागतं, लिफ्ट आहे, शोधायला दोन-तीन मिनिटं लागतात. डाउनटाउन लाइनच्या गाडीला ड्रायव्हरच नाही, सगळ्यात पुढच्या डब्यात काचेपाशी उभं राहिलं की समोर बोगदा आणि रूळ दिसत राहतात. आई बसायच्या ऐवजी चार स्टेशनं तिथेच दांडा धरून उभी राहिली. अनाउन्समेंट आणि पाट्या इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळमध्ये, तमिळ अक्षरं दिसली की ती मला कोपराने ढोसायची.

आणि इथेच चूक लक्षात आली. गुडघ्याचा पट्टा. आई लांब चालायचं असलं की एक पट्टा लावते, तो मी विमानात काढून ट्रॉली बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकला होता आणि ती बॅग आता एअरपोर्टवर लेफ्ट लगेजमध्ये पडली होती. पावती माझ्या खिशात, पट्टा तिकडे. फार वाईट वाटलं. परत जाणं शक्य नव्हतं, गेलो असतो तर शो गेला असता. आई म्हणाली, "राहू दे, सावकाश चालू." तेव्हाच, गाडीतच, मर्लायन मनातून काढून टाकला.

6:35 ला बेफ्रंट. आईने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "अजून चारच वाजलेत की, भरपूर वेळ आहे." तिचं घड्याळ घरच्या वेळेवर होतं, सिंगापूर अडीच तास पुढे. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही. मी तिथेच प्लॅटफॉर्मवर थांबून ते पुढे करून दिलं, कारण माणसांची चुकामूक झाली आणि "आठला इथे भेटू" असं ठरलेलं असेल तर दोघांची आठची वेळ एकच असायला हवी ना. हे खरं तर विमान उतरतानाच करायला हवं होतं.

एक्झिट बी मधून भुयारी वाटेने आणि मग ड्रॅगनफ्लाय ब्रिजवरून बागेत, साधारण माणसाला दहा मिनिटं लागतात, आम्हाला पंचवीस लागली. पण त्या पंचवीस मिनिटांबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. पुलावर आई कठड्याला टेकून उभी राहिली, खाली पाणी, मागे मरिना बे सँड्सच्या तीन इमारती आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ती जहाजासारखी गच्ची, आणि आकाशात नुकतीच केशरी झालेली कड. तिथे पाच मिनिटं थांबलो. थांबायला परवानगी होती कारण पुढे कुठेच पोचायचं नव्हतं, एकाच जागी जायचं होतं आणि हातात अजून पाऊण तास होता.

सात वाजता सुपरट्री ग्रोव्ह. ही बाग 2012 साली लोकांसाठी उघडली. अशी 18 सुपरट्री आहेत, त्यातली 12 या एका जागी, उंची 25 पासून 50 मीटरपर्यंत. लांबून फोटोत ती प्लास्टिकच्या खेळण्यासारखी वाटतात, मलाही तसंच वाटायचं. जवळ गेलं की कळतं की बुंध्याला खरीखुरी झाडं लावलीत, फर्न, ऑर्किड, अननसाच्या जातीतली ती तुऱ्यांची झाडं, एकावर एक, आणि मधून ठिबकणारं पाणी. आईने हात लावून बघितला. एका फर्नचं पान उलटं करून त्याच्या मागचे तपकिरी ठिपके दाखवले मला, म्हणाली यातूनच नवीन येतं. बागकाम हा तिचा जीव. त्या क्षणी मला कळलं की पाच ठिकाणांच्या यादीत हा क्षण कुठेच बसला नसता.

सव्वासातला पाऊस आला. सिंगापूरमध्ये पाऊस कधीही येतो हे माहीत होतं, दोन छत्र्या आणि एक प्लास्टिकची चादर जवळ होती. प्रश्न असा की शो होणार का, कारण हवा खराब असेल तर तो रद्द होऊ शकतो. इथे पर्याय दोन: थांबायचं, किंवा शेजारच्या क्लाउड फॉरेस्टच्या काचेच्या घुमटात जायचं, तिथे आत 35 मीटरचा धबधबा आहे आणि पावसाचा प्रश्न नाही. पण आत जायचं म्हणजे तिकीट, रांग, आणि आत बऱ्यापैकी चालणं, आणि बाहेर यायला साडेआठ सहज. मी पावणेआठला शेवटचा निर्णय असं ठरवलं, म्हणजे 7:45 ला शो सुरू झाला नाही तर थेट एअरपोर्ट आणि उरलेला वेळ ज्युएलमध्ये. आडोशाला उभं राहून आम्ही वाट बघितली. 7:35 ला थांबला पाऊस. ओल्या जमिनीवर लोक परत यायला लागले, कुणी जॅकेट अंथरून सरळ आडवे झाले, मी प्लास्टिकची चादर पसरली, आईला कट्ट्याची कडा मिळाली.

शो पंधराएक मिनिटांचा असतो. सगळी झाडं एकदम काळी होतात आणि मग एका झाडाच्या माथ्यावरून रंग खाली उतरायला लागतो, म्युझिकच्या तालावर दुसऱ्या झाडाकडे जातो. मी चादरीवर पाठ टेकून वर बघत होते, आई कट्ट्यावर. संपल्यावर ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मीही घाई केली नाही. 8:05.

इथून माझ्याकडे साडेआठपर्यंत पंचवीस मिनिटं होती आणि मनात एकदा आलं की मर्लायन उरकून टाकू, टॅक्सीने पाच मिनिटांवर आहे. लेओव्हरमध्ये विमानं सुटतात ती अशाच "एवढं उरकून टाकू" ने असं मला वाटतं, कारण जायची पाच मिनिटं दिसतात, उतरून चालायची, फोटोची, परत टॅक्सी मिळायची मिनिटं दिसत नाहीत. आईच्या पायांकडे बघितलं आणि टॅक्सीच्या रांगेकडे निघालो. परतीला मेट्रो न घेता टॅक्सी हे आधीच ठरवलं होतं, येताना उत्साह असतो, जाताना पाय दुखतात. रांग दहा मिनिटं. 8:35 ला बसलो, ईस्ट कोस्ट पार्कवेने 8:58 ला टर्मिनलच्या दारात. ठरलेल्या 9:40 च्या बेचाळीस मिनिटं आधी.

आधी बॅग सोडवली, पट्टा काढून आईला लावून दिला. मग ज्युएल, पुलावरून चालत. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे आत ट्रान्झिटमध्ये बसून ते बघता येत नाही, त्यासाठीही सिंगापूरमध्ये रीतसर प्रवेश करावाच लागतो. 2019 ला उघडलं, टर्मिनल 1 च्या जुन्या कार पार्किंगच्या जागेवर, आणि मधला तो पाण्याचा गोल पडदा 40 मीटर उंचीचा आहे, इमारतीच्या आतला जगातला सगळ्यात उंच धबधबा. वीस मिनिटं कठड्याशी बसलो. 9:50 ला इमिग्रेशन पार, गेट उघडायच्या आधी आम्ही गेटबाहेर होतो.

आता हिशोब मांडते. 465 मिनिटांपैकी शहरात प्रत्यक्ष घालवली 6:35 ते 8:25, म्हणजे 110 मिनिटं. त्यातली 25 चालण्यात, 20 पावसाच्या आडोशाला. बाकीचा वेळ कुठे गेला म्हणाल तर विमान उशिरा 35, विमानातून इमिग्रेशनच्या बाहेर यायला 65, बॅग ठेवायला 15, मेट्रो शोधून पोचायला 60, टॅक्सीच्या रांगेत 10, टॅक्सी 23, आणि उरलेले सगळे एअरपोर्टवर परत आल्यावरचे, ज्यात ज्युएल आणि गेटपाशी पाय पसरून बसणं आलं. थोडक्यात चारातला एक भाग शहराचा. मी हे नंतर दोन-तीन जणांच्या प्रवासाला लावून बघितलं, शहर एअरपोर्टच्या जवळ असेल आणि सामान थेट जात असेल तर साधारण तसंच येतं.

शहर जवळ असणं हे मात्र फार मोठं कलम आहे. चांगी ते मरिना बे वीसेक किलोमीटर. हाँगकाँगला एअरपोर्ट एक्स्प्रेस 24 मिनिटांत शहरात नेते, आम्सटरडॅमला ट्रेन पाव तासाच्या आसपास. क्वालालंपूरचा एअरपोर्ट शहरापासून पन्नास किलोमीटरहून जास्त लांब पण थेट ट्रेन 28 मिनिटांत पोचवते. टोकियोला मात्र तुम्ही नारिताला उतरलात की हानेदाला यावर सगळं अवलंबून, नारिता साठेक किलोमीटर लांब आणि हानेदा जवळजवळ शहरातच. एकच शहर, पण सात तासांचा लेओव्हर एका एअरपोर्टवर पुरेसा आणि दुसऱ्यावर ओढाताणीचा. अमेरिकेत तर बाहेर पडायचं नसलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं, तिथे आतल्या आत ट्रान्झिट हा प्रकारच नाही, त्यामुळे व्हिसाशिवाय त्या मार्गाचं तिकीटच घेऊ नये.

परत करायचं झालं तर काय बदलेन. गुडघ्याचा पट्टा, औषधं, एक पातळ स्वेटर, चार्जर हे सगळं अंगावरच्या छोट्या पिशवीत, ठेवायच्या बॅगेत काहीही लागणारं नाही, आणि बॅग काउंटरवर देण्याआधी आईला विचारायचं, तुला पुढच्या चार तासात यातलं काय लागेल. हा एक प्रश्न विचारला असता तर पंचवीस मिनिटांचं चालणं तिला इतकं जड गेलं नसतं. दुसरं, जाताना टॅक्सी आणि येताना मेट्रो असा उलटा विचारही मी करून बघितला, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जातानाची टॅक्सी भरवशाची नाही आणि थकल्यावर मेट्रो बदलणं आईला झेपलं नसतं, तेव्हा ते आहे तसंच ठेवेन. आणि चांगीवर ट्रान्झिट प्रवाशांसाठी फुकट सिटी टूर असते, साडेपाच ते चोवीस तासांच्या लेओव्हरवाल्यांना, अडीच तासांची, बसने फिरवून परत आणून सोडतात. एकट्या जाणाऱ्या आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून तीच सांगेन, प्रवेशाचे नियम तिथेही लागूच. आम्ही घेतली नाही कारण ग्रुपच्या वेगाने चालणं आईला जमलं नसतं आणि फर्नचं पान उलटं करून बघायला ग्रुप थांबत नाही.

परतीला मेलबर्नहून येताना त्याच एअरपोर्टवर पावणेचार तास होते. तोच हिशोब मांडला, शहरासाठी उरत होती उणे नव्वद मिनिटं. बाहेर पडायचा विचारही केला नाही. टर्मिनल 3 च्या आतच फुलपाखरांची बाग आहे, त्यासाठी इमिग्रेशन लागत नाही, फक्त दिवसा गेलं पाहिजे कारण अंधार पडला की फुलपाखरं पानांखाली जाऊन बसतात. आमची वेळ सकाळची होती. आईने पट्टा आधीच लावला होता, घड्याळ विमानातच बदललं होतं. दोन तास ती तिथल्या एका बाकावर बसून होती आणि मला दर थोड्या वेळाने हाक मारून दाखवत होती, हे बघ, हे कोषातून आत्ताच बाहेर आलंय, अजून पंख ओले आहेत.